परमप्रसादाची रांग

इंदूरच्या छावणीतलं जुनं चर्च बघायला कुणी आलं की शशिकला दिघेंचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "चपला बाहेर काढा." चर्चमध्ये चपला काढायचा नियम नाही. स्वतः फादर बूट घालून वावरतात. पण देव कुणाचाही असो, त्याच्यापुढे चपला घालून जाणं शशिकलाबाईंना पटत नसे, आणि जे त्यांना पटत नसे ते त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत. होळकर दरबारात कारकुनी केलेल्या घराण्यातली ही बाई. घरात गौरी-गणपती, बोडण, सगळं साग्रसंगीत. आणि चर्चची खडान्‌खडा माहिती मात्र हिला. शेजारच्या मिशनच्या शाळेत तिने सगळी हयात इतिहास शिकवण्यात घालवली होती. निवृत्त झाली तेव्हा त्या वेळचे म्हातारे फादर म्हणाले, "मैडमजी, लोग देखने आते हैं, आप ही बता दिया करो." तेव्हापासून रविवारची सकाळ चर्चची झाली.

त्यांची रीतही मास्तरणीचीच. पाहुण्यांना आधी मागच्या बाकांवर बसवून मिस्सा, म्हणजे रविवारची पूजा, बघायला लावायची आणि मग चर्च दाखवायचं. मिस्साच्या शेवटी लोक रांगेने वेदीपाशी जातात आणि फादर एकेकाला पातळ, पांढरी, नाण्याएवढी भाकर देतात. इंदूरच्या हिंदी मिस्सात तिला परमप्रसाद म्हणतात. आता प्रसाद हा शब्द कानावर पडला की आपला माणूस उठणारच. दर रविवारी कुणीतरी उठे, आणि बाई त्याच्या शर्टाला धरून खाली बसवत. "बसा. शिरा वाटत नाहीयेत तिथे. तो यांचा येशू आहे, बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचा, आणि तिथेच खायचा. घरी न्यायचा नाही." कितीजणांना असं बसवलं असेल, त्याची गणती नाही.

घरी त्यांचे यजमान बाळकृष्ण होते. दिघे वीज मंडळातले, खाण्याचे शौकीन, सराफ्यातल्या खाऊगल्लीतून परत येताना रिकाम्या हाताने आले तर घरात विचारपूस होई. पक्षाघाताने आधी उजवी बाजू गेली, मग बोलणं गेलं, आणि आता गिळणं जायला लागलं होतं. मुगाचं पाणी दिलं की ठसका. मऊ भात दिला की ठसका, चेहरा निळा, डोळ्यांत पाणी. मग त्यांनी तोंड उघडणंच सोडलं. चमचा ओठांना लावला की मान भिंतीकडे. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, "सोमवारपर्यंत बघू. काहीतरी ठसक्याशिवाय आत गेलं, तर थांबता येईल. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल."

नळीचीच तर भीती होती. बाळकृष्णांच्या थोरल्या भावाला अशीच नळी घातली होती. तो ती ओढून काढी, म्हणून त्याचे हात पलंगाला बांधले होते, आणि तसाच तो गेला. ते बघून आल्यावर बाळकृष्ण ओसरीत बसून म्हणाले होते, "शशी, माझं काहीही कर, पण नळी नको. शब्द दे." बाईंनी शब्द दिला होता. धडधाकट माणसाला असा शब्द देणं फार सोपं असतं.

पुण्याहून पियुषचा, मुलाचा, रोज फोन. "आई, नळी नाही घातली तर बाबा उपाशी जातील. तुला चालणार आहे का ते?" त्याचं काही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच बाईंना त्याचा राग येई.

म्हाताऱ्या फादरनी एकदा सांगितलं होतं, ती भाकर गिळावी लागत नाही, जिभेवर ठेवली की विरघळते. आजारी ख्रिस्ती माणसांना फादर स्वतः घरी जाऊन देतात, पाण्याचा घोट न उतरणारेही ती घेतात. हे बाई दर रविवारी पाहुण्यांना सांगत आल्या होत्या. त्या शनिवारी, बाळकृष्णांच्या बंद ओठांपाशी चमचा धरून बसल्या असताना, ते त्यांना पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. शिवाय प्रसादाला तो माणूस कधीच नाही म्हणाला नव्हता. ताप असो, पथ्य असो, कुणी तीर्थप्रसाद आणला की आधी हात पुढे.

नवीन फादर लायनस भला माणूस. विचारलं असतं तर प्रेमाने नाही म्हणाले असते. पण प्रेमाने दिलेल्या नकाराशी भांडता येत नाही. बाईंनी विचारलं नाही.

रविवारी शेजारच्या सुनीताला बाळकृष्णांपाशी बसवून त्या निघाल्या. त्या दिवशीचे पाहुणे राऊकडच्या एका कॉलेजात नव्याने नोकरीला लागलेले, नाशिक-साताऱ्याकडचे. वल्लरी नावाची एक मुलगी त्यांत जरा चुळबुळी. रांग लागली तशी ती उठलीच. "काकू, आपणही जाऊया ना?"

"बस," बाई म्हणाल्या. "तो आपल्यासाठी नाही."

आणि स्वतः उठल्या.

ठरवलं होतं ते असं. हातात घ्यायची, तोंडाकडे हात न्यायचा, खाल्ल्यासारखं करायचं आणि मुठीतल्या मुठीत रुमालात टाकायची. एवढी वर्षं रांग बघितली होती, कुठे कसं वळायचं ते पाठ होतं. फादर लायनसनी मान वर न करताच म्हटलं, "ख्रीस्त का शरीर." बाई म्हणाल्या, "आमेन." आवाज कापलासुद्धा नाही. तळहातावर ती भाकर आली, वजनच नाही असली.

आणि तळहात डोळ्यांकडे गेला. आधी उजव्या डोळ्याला, मग डाव्या, मग कपाळाला. बाईंनी केलं नाही, हाताने केलं. सत्यनारायणाच्या, रामनवमीच्या, संकष्टीच्या प्रसादाला जन्मभर जे केलं, तेच. त्या अख्ख्या रांगेत असं कुणी केलं नव्हतं. बाई वळल्या आणि रुमाल उघडला, तोवर उशीर झाला होता.

मार्था भाबोर समोर उभी होती. झाबुआकडची, वेदीची फुलं बदलणारी, शाळेत असताना बाईंच्याच हातचा मार खाल्लेली. तिने बाईंचं मनगट धरलं. घट्ट नाही, पण धरलं.

"मैडमजी, खा लो. यहीं, मेरे सामने."

"मार्था, तुला माहीतच आहे गं. घर पे ये कुछ खाते नहीं. उद्या नळी घालणार आहेत. एवढंच नेऊ दे. ये पिघल जाता है, उनके गले से उतर जाएगा."

मार्थाचे डोळे भरून आले. "रोज माला में साहब का नाम लेती हूँ. मेरे घर का कुछ भी ले जाओ. ये नहीं. आपने ही तो सबको बताया है, ये नहीं ले जाते."

मागे रांग अडली होती. बाकांवरून माना वळल्या होत्या. वल्लरी बघत होती. बाईंच्या मनात आलं, हिसडा देऊन निघून जावं. दार काही लांब नव्हतं. पण ज्या जागी आयुष्यभर दुसऱ्यांना नियम सांगितले, तिथून चोरासारखं पळायला त्यांचे पाय तयार होईनात. त्या पायांचा त्यांना संताप आला. त्यांनी भाकर तोंडात टाकली.

ती विरघळली. खरंच गिळावी लागली नाही. टाळूला जरा चिकटली, मग नाहीशीच झाली, आणि त्यांना कळलं की हे उतरलं असतं. बाळकृष्णांच्या गळ्यातून हे नक्की उतरलं असतं.

पुढे त्यांनी चर्च दाखवलं. रंगीत काचा दाखवल्या, रेसिडेन्सीच्या काळातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पाट्या वाचल्या, घंटा कुठून आली ते सांगितलं. एक सन चुकला, कुणाला कळलं नाही. निघताना वल्लरीने हळूच विचारलं, "काकू, तुम्ही ख्रिश्चन आहात का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मी भुकेली होते."

घरी आल्या. सुनीताने मानेनेच नाही म्हटलं, सकाळपासून काही घेतलं नव्हतं. बाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि बाळकृष्णांच्या कपाळावर हात ठेवला. सणाचा रविवार होता, साडीला, हातांना चर्चमधल्या धुपाचा वास येत होता. बाळकृष्णांनी डोळे उघडले. मान हळूहळू भिंतीकडून इकडे वळवली. आणि इतक्या दिवसांनी, आपणहून, त्यांनी तोंड उघडलं.

सुनीता आनंदाने ओरडलीच, "भाभी, देखो, मांग रहे हैं!"

बाईंचा हात रिकामा होता. त्या धडपडत देव्हाऱ्यापाशी गेल्या, वाटीतली खडीसाखर अंगठ्याने चुरली, चिमूटभर त्यांच्या जिभेवर ठेवली. "घ्या. प्रसाद आहे." क्षणभर वाटलं, जमलं. मग ठसका लागला, असा की सुनीताने धावत येऊन त्यांना कुशीवर केलं, पाठ चोळली, लाळेबरोबर साखर उशीवर आली. बऱ्याच वेळाने श्वास ताळ्यावर आला. बाईंनी त्यांचं तोंड पुसलं, उशीचा अभ्रा बदलला.

"हो, मीच खाल्ला," त्या त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "तुमच्यासाठी घेतला आणि मीच खाल्ला." त्यांना ते कळलं की नाही, कोण जाणे.

मग बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांनी पियुषला फोन लावला. "उद्या नळी घाला म्हणून सांग डॉक्टरांना," त्या म्हणाल्या. "हो. मीच सांगतेय." पलीकडे पियुष रडत होता की सुटकेचा श्वास टाकत होता, ते त्यांना समजलं नाही. फोन कानाला तसाच धरून त्यांनी दारातून आत बघितलं. बाळकृष्णांनी पुन्हा तोंड उघडलं होतं, आणि ते वाट बघत होते.