रोसाबाईंच्या खिडकीतली वांगी साडी

इटलीतल्या सिएना नावाच्या गावात मी एकदा एक धुतलेली साडी वाळत घातली आणि एका अख्ख्या आळीची अब्रू चव्हाट्यावर टांगली.

हे मी अभिमानाने सांगत नाही. (थोडं सांगते. पण ते शेवटी.)

तेव्हा मी अडतीस वर्षांची होते, बी.ए. होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं याबद्दल माझी खात्री होती. आता शहात्तरची आहे. त्यातलं बी.ए. तेवढं उरलंय.

आमचे हे खडकीला एका कारखान्यात होते. कारखान्याने इटलीहून एक भलंमोठं मशीन मागवलं आणि ते चालवायला शिकण्यासाठी ह्यांना तीन महिने तिकडे धाडलं. शेवटच्या आठवड्यात मी आणि आमची तेरा वर्षांची मीनू तिथे जाऊन पोचलो. दोन दिवस रोम, दोन दिवस फ्लॉरेन्स, दोन दिवस सिएना, असा बेत ह्यांनी वहीत आखून ठेवला होता. रोममध्ये आम्ही पडलेले खांब पाहिले. फ्लॉरेन्समध्ये कपडे न घातलेले पुतळे पाहिले (तेवढा वेळ मीनूला आइस्क्रीम घेऊन दिलं). सिएनात मात्र पाय ठेवल्याबरोबर ओळखीचं वाटलं. अरुंद बोळ, खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळणाऱ्या म्हाताऱ्या, आणि दुपारचा एक वाजला की दुकानं बंद. एका दुकानदाराने ह्यांच्या तोंडावर शटर ओढलं, तेव्हा ह्यांचा चेहरा इतका उजळला, की तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं असावं.

"सुसंस्कृत गाव आहे," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावात घोड्यांची शर्यत होती. त्यामुळे हॉटेलं भरलेली. ह्यांच्या ओळखीने आम्हाला रोसाबाईंकडे चौथ्या मजल्यावर एक खोली मिळाली. रोसाबाई सत्तरीच्या, एकट्या, काळा झगा घालणाऱ्या. कमरेला वीतभर लांबीची एक लोखंडी किल्ली. आमच्या सासूबाईंच्या कमरेलाही अशीच किल्ली असायची, त्यामुळे मी आपोआप पदर सावरून उभी राहिले.

ती किल्ली कसली ते मीनूने शोधून काढलं. तिच्याकडे एक माहितीपुस्तिका होती, आणि हातवारे करायला तिला लाज वाटत नसे.

"आई, ऐक ना. या गावात सतरा आळ्या आहेत. प्रत्येक आळीचे रंग ठरलेले. शर्यतीत दर खेपेला दहा आळ्यांचे घोडे धावतात, यंदा या आळीचाही आहे, आणि काही आळ्यांची एकमेकींशी शेकडो वर्षांची दुश्मनी आहे. रोसाआजींकडे आळीच्या झेंड्यांच्या कपाटाची किल्ली आहे. झेंडे शिवायचे, धुवायचे, इस्त्री करायची, हा त्यांचा मान. चाळीस वर्षं. त्याआधी त्यांच्या सासूकडे होता. आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. चिमटे आपण डझनभर आणले होते ना गं? एक कमी भरतोय."

इथे मला माझ्या कपडे वाळत घालण्याबद्दल सांगायला हवं. गुलटेकडीच्या आमच्या कॉलनीत माझ्या साड्यांना इस्त्री लागत नसे. मार्केट यार्डाकडून धूळ यायची, म्हणून साडी उलटी घालायची. दोघींनी दोन टोकं धरून फाडकन फटकारायची. काठ काठाला लावून बोटांनी ओढत जायचं. सासूबाईंनी मला ही विद्या पाच वर्षांत दिली आणि कौतुकाचा एक शब्द त्यात घातला नाही. शेजारणी आपल्या सुनांना माझी गॅलरी दाखवायच्या. मला ते ठाऊक होतं, आणि मी मुद्दाम सावकाश वाळत घालायचे.

शर्यतीच्या दिवशी आम्ही उशिरा उठलो. दुपारी मी अंघोळीबरोबर आदल्या दिवशीची साडी धुतली. वांगी रंगाची, पिवळ्याधमक काठांची.

"उद्या निघायचंय. तशीच घाल बॅगेत," हे म्हणाले.

"नेसलेली साडी? धुतलेल्या कपड्यांवर?"

यावर ह्यांनी दाढीचा साबण फेसायला घेतला. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती.

पुण्याहून नायलॉनची दोरी आणली होती, पण खोलीत खिळा नव्हता आणि ह्यांनी खिळा ठोकायला मनाई केली होती. मी बाहेरची खिडकी उघडली. समोर पाहिलं तर घरोघरच्या खिडक्यांतून हिरवं-पांढरं कापड लोंबतंय. वरच्या मजल्यावर हिरवं-पांढरं, खालच्या मजल्यावर हिरवं-पांढरं. माझ्या मनात बायकांबद्दल आदरच दाटून आला. काय ही शिस्त, म्हटलं. एका रंगाचे कपडे सगळी आळी एकाच दिवशी धुते. आज हिरव्या-पांढऱ्याचा वार दिसतोय.

आणि आमच्या खिडकीबाहेर एक जाड काठी, रस्त्यावर आडवी, अगदी रिकामी. ऊन खणखणीत. वारा बेताचा. मी मनोमन रोसाबाईंचे आभार मानले आणि साडी चिमट्यांनी काठीला लावून अख्खी खाली सोडली. सव्वापाच मीटर. टोक थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलं. एक सुरकुती नव्हती. मी दोन पावलं मागे सरून स्वतःचं काम पाहिलं.

(काठी रिकामी का होती? कारण थोड्याच वेळात आळीचा घोडा देवळात आशीर्वादाला याच रस्त्याने जायचा होता, आणि त्यासाठी रोसाबाईंनी आपला मोठा झेंडा उतरवून, पाणी शिंपडून, इस्त्रीसाठी गुंडाळून ठेवला होता. हे मला नंतर कळलं. मला त्या दिवशी सगळंच नंतर कळत होतं.)

पाचच मिनिटांत खालून एक आवाज आला. मग पाच. मग पन्नास. मी डोकावून पाहिलं. सगळी आळी मान वर करून आमच्या खिडकीकडे बघत होती. मी, देवा क्षमा कर, हात हलवला.

तेवढ्यात रोसाबाई आत आल्या. खिडकीकडे पाहिलं, छातीला हात लावला आणि खुर्चीत बसल्या. मग जे बोलायला लागल्या, त्याला पूर्णविराम नव्हता.

"अहो, काय म्हणतायत?" मी विचारलं. ह्यांना तीन महिन्यांचं इटालियन येत होतं. पण ते सगळं कारखान्यातलं. तेल घाला, नट आवळा, हात आत घालू नका, एवढंच. ह्यांनी रोसाबाईंना धीर द्यायला सर्वांत गोड वाक्य निवडलं. त्याचा अर्थ, नंतर कळलं, 'मशीन बंद करून थंड होऊ द्या' असा होता.

मीनूने मात्र पुस्तिकेतलं रंगीत पान उघडून माझ्यापुढे धरलं. त्यावर एक झेंडा होता. वांगी. पिवळ्याधमक काठांचा.

"शेजारच्या आळीचा," मीनू म्हणाली. "दुश्मन आळीचा."

(आळ्यांची नावं मी इथे मुद्दाम लिहीत नाही. त्या लोकांच्या स्मरणशक्तीचा मला अनुभव आहे.)

"म्हणजे?" मी म्हटलं.

"म्हणजे तू लढाईच्या दिवशी किल्ल्यावर शत्रूचं निशाण लावलंयस," हे म्हणाले. "बाकी काळजीचं काही नाही."

मी साडी वर ओढायला लागले. ती तिसऱ्या मजल्याच्या कडीत अडकली. आता ती नुसती लोंबत नव्हती, फडकत होती. खालून शिट्ट्या. शेवटी मी जिने उतरून तिसऱ्या मजल्यावरच्या घरात घुसले, साडी सोडवली आणि ओला गोळा छातीशी धरून रस्त्यावर आले. अंगात फुलाफुलांचा गाऊन, खांद्यावर टॉवेल, मुठीत नायलॉनची दोरी. परदेशात नेसायला म्हणून आणलेल्या सहा चांगल्या साड्या वर बॅगेत होत्या.

खाली आळीचे पुढारी उभे होते. टक्कल, मोठ्या मिशा, गळ्यात हिरवा-पांढरा रुमाल. लंडनच्या हॉटेलात दहा वर्षं वेटरकी केलेली, त्यामुळे इंग्रजी उत्तम. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागोमाग उतरलेल्या रोसाबाईंपुढे त्यांनी नुसता हात पसरला.

रोसाबाईंनी कमरेची किल्ली सोडायला सुरुवात केली. गाठ सुटेना. गर्दीत एक तरुण बाई किल्लीवर डोळा ठेवून हळूच पुढे सरकली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हिच्याकडे वाफेची इस्त्री आहे.

आता मी मूर्ख असेन, पण सून होते. सासूकडून आलेली किल्ली अशी चारचौघांत सोडावी लागणं म्हणजे काय, हे मला कुणी भाषांतर करून सांगायला नको होतं.

"थांबा," मी पुढाऱ्यांना म्हटलं. "हा झेंडा नाही. हे माझं नेसायचं वस्त्र आहे, सव्वापाच मीटरचं."

"बाई," ते म्हणाले, "सव्वापाच मीटरचं वस्त्र कुणी नेसत नाही."

झालं. हे ऐकून घेणं शक्यच नव्हतं. मी नायलॉनची दोरी कमरेला गाऊनवरून आवळली आणि भर रस्त्यात ती ओली साडी नेसायला घेतली. एक फेरा, पदर खांद्यावर, मग निऱ्या. एक आजोबा निऱ्या मोजत होते. सातवी खोचली तेव्हा त्यांनी टोपी काढली. बायका जवळ येऊन कापड चाचपायला लागल्या. टाळ्याही पडल्या.

मी इतकी खूश झाले, की एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. ती ह्यांच्या आली.

"छान," हे म्हणाले. "आता झेंडा चालायलाही लागला."

खरंच की. मी शत्रूच्या रंगात नखशिखान्त उभी, आळीच्या मधोमध, आणि गल्लीच्या टोकाला ढोल वाजायला लागलेले. घोडा निघाला होता. आणि वर खिडकीची काठी अजून रिकामीच!

मी रोसाबाईंचा हात धरला आणि चार मजले ओढत वर नेलं. त्यांचा झेंडा टेबलावर तसाच ओलसर गुंडाळलेला होता. इस्त्री थंडगार, तापवायला वेळ नाही. मी एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. आणि त्या बाईंना काही सांगावं लागलं नाही हो. त्यांनी पाय रोवले, मान तुकवली, आणि आम्ही दोघींनी एकदम फटकारलं. फाडकन. पुन्हा. मग काठ काठाला, बोटांनी ओढत, एकमेकींकडे येत, थेट गुलटेकडीसारखं. आमच्या सासूबाई आणि त्यांच्या सासूबाई एकाच शाळेत शिकल्या असाव्यात.

घोडा खिडकीखाली आला तेव्हा झेंडा काठीवर होता. आरशासारखा सपाट. (मला खिडकीमागे खाली बसवलं होतं, रंग दिसू नयेत म्हणून. मी ते सगळं रोसाबाईंच्या झग्याआडून पाहिलं.) घोडा गेला, पुढारी वर आले, झेंड्याचा काठ दोन बोटांत धरून बघितला आणि विचारलं, "इस्त्री कुठली?"

रोसाबाईंनी माझे दोन्ही हात वर धरून दाखवले.

पुढारी किल्लीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. ती कमरेलाच राहिली. माझ्या खांद्यावर मात्र एक भलामोठा हिरवा-पांढरा रुमाल बांधण्यात आला, आणि मला बजावण्यात आलं, की शर्यत संपेपर्यंत तो काढायचा नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती पुण्यात येऊन कॉलनीभर सांगितली असती. पण संध्याकाळी शर्यत झाली. तीन फेऱ्या, दीड मिनिट. आणि जिंकलं कोण? वांगी-पिवळे.

परतताना आमच्याशी कुणी बोललं नाही. हे मीनूला हळूच म्हणाले, "आईला मधे घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बॅगा घेऊन उतरलो, तर दाराशी फुलांची एक प्रचंड परडी. वर पिवळी रेशमी फीत, आणि एक चिठ्ठी. पुढारी ती हातात धरून उभे, रोसाबाई शेजारी. पुढाऱ्यांनी कडू औषध घ्यावं तशी ती वाचून दाखवली: शेजारच्या आळीकडून, चौथ्या मजल्यावरच्या बाईंना. शत्रूच्या खिडकीत आमचे रंग चढवण्याचं धैर्य आजवर कुणी केलं नव्हतं. हा विजय त्या शकुनाचा.

मी जमिनीकडे बघत उभी राहिले. चाळीस वर्षांचा मान मी काल वाचवला होता आणि आज पुन्हा फुलांसकट बुडवला होता. रोसाबाईंच्या किल्लीकडे बघायचा धीर होईना.

रोसाबाईंनी चिठ्ठी घेतली. दोनदा वाचली. किल्लीवर बोटं वाजवली. मग माझ्या गालावर हात ठेवून त्या जे बोलल्या, ते पुढाऱ्यांनी शब्दाला शब्द सांगितलं:

"पुढच्या वर्षी नक्की या. फक्त उतरा त्यांच्या आळीत, आणि साडी आणा हिरवी-पांढरी."