वसंतरावांच्या उशाशी वाट्यांची उतरंड

लातूरजवळच्या मुरुडचे वसंतराव म्हणजे भूकंपानं मागे ठेवलेलं एक ध्यान. त्र्याण्णवला त्यांच्या घराचा पोपडासुद्धा पडला नाही, पण तेव्हापासून हे गृहस्थ उशाशी स्टीलच्या वाट्यांची उतरंड रचून झोपतात. जमीन हलली की वाट्या वाजणार आणि हे बाहेर पळणार. शाळेत पोरांना धैर्यावर निबंध लिहायला लावणारे गुरुजी ते हेच. मी शेजारी, म्हणून मला हे सगळं फुकटात बघायला मिळतं.

मुलगी मनस्विनी लातूरला बी.एस्सी.ला. शिवाय स्पर्धा परीक्षेचा क्लास, कारण गावात सगळ्यांच्याच मुलांना क्लास. गुरुजींची बायको लताबाई रोज सकाळच्या एसटीनं लेकीला डबा पाठवत, सोबत ताकाची बाटली. क्लासवाल्यानं पालकांना सांगितलं की जागणारी मुलंच पुढे जातात. झालं. गुरुजींनी ताकाची बाटली काढली आणि पिशवीत एनर्जी ड्रिंकचा कॅन घातला. ताकानं झोप येते म्हणे. परीक्षा जवळ आली तसे एकाचे तीन झाले. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, असं पोरीनं फोनवर सांगितलं, तर महाशय खूश. झोप लागू नये म्हणूनच तर पाठवतो, असं मलाही अभिमानानं ऐकवलं. लताबाई काही बोलल्या की तुला अभ्यासातलं काय कळतं, हे ठरलेलं.

दिवाळीला मनस्विनी घरी आली ती डोळे खोल गेलेली. दुपारी मी चहाला गेलो होतो, गुरुजी पलंगावर घोरत होते. पोरगी ट्रे घेऊन आली आणि तिचे हात इतके कापू लागले की कपबशा खडखडा वाजायला लागल्या.

गुरुजी ताडकन उठले. बायकोला नाही, मुलीला नाही, कुणालाच हाक न मारता लुंगी सावरत थेट रस्त्यावर. मला त्या माणसाची किळस आली. पोरगी ट्रे धरून तशीच उभी होती.

थोड्या वेळानं त्यांनी दारातून डोकं आत घातलं. वाट्या जागच्या जागी होत्या. मग वाजलं काय, असं त्यांनी विचारलं.

"तुमची पोरगी वाजायलीय," लताबाई म्हणाल्या.

गुरुजींनी तिच्या हातांकडे पाहिलं. "असं हाय तर पेपर कसा लिहिशील गं?" एवढंच त्यांना सुचलं.

लताबाईंनी ट्रे काढून घेतला, लेकीला खाली बसवलं. मग तिच्या बॅगेतले उरलेले कॅन आणून नवऱ्याच्या उशाशी, वाट्यांजवळ मांडले.

"हे आता तुमी प्या," त्या म्हणाल्या. "अन् परीक्षा बी तुमीच द्या. ती न्हाई जायची."