बसच्या तिकिटामागचे अंदाज

वानखडे सरांनी बसचा पास कधी काढला नाही. कोथरूडहून खराडीला ते रोज बसनं येत. ज्येष्ठांना पास स्वस्तात मिळतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी रोज तिकीटच. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "पासाच्या मांगं लिहिता येत नाही ना."

तिकिटामागं ते पेन्सिलीनं अंदाज लिहीत. आमच्या ऑफिसात राज्यातली वीज संगणकात चालवून पाहिली जाते. वीजकेंद्रं, तारा, गावं, कारखाने असं सगळं त्यात भरायचं, दिवसभरात कुठं किती वीज लागेल ते सांगायचं आणि बटण दाबायचं. मग कुठल्या तारेवर किती भार आला, कुठल्या तासाला विजेचा भाव काय निघाला, हे सॉफ्टवेअर सांगतं. सर मूळचे अकोल्याचे. नोकरीची सगळी वर्षं नियंत्रण कक्षात खरी वीज सांभाळून निवृत्त झाले आणि आमच्याकडे सल्लागार म्हणून आले. आल्या आल्या त्यांनी नियम केला. बटण दाबायच्या आधी प्रत्येकानं उत्तराचा अंदाज लिहायचा आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. कागद नसेल तर सर स्वतःचं तिकीट पुढं करत.

"संगणक उत्तर देते," ते म्हणत. "ते खरं हाय का खोटं, हे त्याले काय मालूम? ते तुले मालूम पाहिजे."

मला हा प्रकार पोरकट वाटायचा. मी हडपसरची, इंजिनिअरिंगला चांगले मार्क मिळवलेली, आणि समोर हे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "आज सांजच्याला भाव किती जाईन, बोल." माझा अंदाज दर वेळी सपशेल चुकायचा आणि सर तो शांतपणे डब्यात ठेवून द्यायचे. हसायचे नाहीत, हेच मला जास्त लागायचं.

माझा उमेदवारीचा काळ संपायच्या आठवड्यात एक मोठा अहवाल माझ्याकडे आला. एका कंपनीला ठरवायचं होतं की सौर प्रकल्पाशेजारी बॅटऱ्या बसवायच्या की नाही. दिवसाची वीज साठवून संध्याकाळी विकण्यात अर्थ आहे का, हा त्यांचा प्रश्न. अहवाल दुसऱ्या दिवशी अकराला जायचा होता आणि त्याच्यावरच मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. मी घाईत होते. अंदाज न लिहिताच बटण दाबलं, आलेलं उत्तर तिकिटामागं उतरवलं आणि चिठ्ठी डब्यात टाकली.

सहा वाजता सर टेबलाशी आले. स्क्रीनवर संध्याकाळी सातचा भाव होता, युनिटला तीन रुपये बेचाळीस पैसे. त्यांनी माझी चिठ्ठी उघडली. तीन बेचाळीस.

"अंदाज कधी पैशापर्यंत येते का, बाई?"

 त्यांनी खुर्ची ओढली आणि खिडकीकडे बोट केलं. थंडीचे दिवस होते. समोरच्या इमारतींत दिवे लागत होते.

"दिवे काहून लागून राहिले?"

"अंधार पडतोय, सर."

"मंग तुह्या राज्यात सातला वीज एवढी स्वस्त कशी?"

तेव्हा मी पहिल्यांदा सौरऊर्जेची, म्हणजे कुठल्या तासाला किती ऊन त्याची, फाईल नीट उघडून पाहिली. ती परदेशी वेळेत होती. आपल्याकडची वेळ करायला त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. सॉफ्टवेअर ते आपसूक मिळवत होतं आणि वर मीही मिळवले होते. माझ्या महाराष्ट्रात सूर्य दुपारी साडेबाराला उगवत होता आणि रात्री साडेअकराला मावळत होता. संध्याकाळी ऊन रणरणत असल्यावर बॅटऱ्या कोणाला हव्यात? तसंच लिहिलं होतं मी, ठामपणे, शेवटच्या पानावर.

मला रडू आलं. अंदाज खरोखर लिहायला बसले असते, तर संध्याकाळी वीज महागणार एवढं तरी लिहिलंच असतं आणि तिथंच अडखळले असते.

सरांनी पिशवी खांद्याला लावली. "चूक तुही हाय. सांगायची तं तूच सांग. साडेदहापर्यंत नाही सांगितलं, तं मी सांगतो. माही बस निघते."

घरी जेवण गेलं नाही. फाईल दुरुस्त करता आली असती आणि सरांखेरीज कोणाला पत्ता लागला नसता, पण नवे आकडे तपासायला दोन दिवस हवे होते. सकाळी साडेनऊला आमच्या प्रमुख केळकर मॅडमच्या दारात उभी राहिले आणि सगळं सांगितलं, नकली अंदाजासकट. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"म्हणजे आपण सूर्याला रात्री साडेअकरापर्यंत थांबवलंत. आमच्याकडे एवढं कोणी थांबत नाही." मग फोन उचलला आणि कंपनीकडून दोन दिवस मागून घेतले. मला कायम केलं, ते तीन महिने उशिरानं.

सरांनी या विषयावर पुन्हा अवाक्षर काढलं नाही. गेल्या वर्षी ते अकोल्याला परत गेले. निरोपाचं भाषण टाळलं आणि जाताना डबा माझ्या टेबलावर ठेवून गेले.

डबा मी त्या रविवारी उघडला. बहुतेक तिकिटांवर अक्षर सरांचंच निघालं. छपाई केव्हाच उडाली होती, पेन्सिल तेवढी टिकली होती. निम्म्याहून जास्त अंदाजांवर त्यांनी लाल शाईनं स्वतःच 'चूक' लिहिलं होतं. एवढा जाणता माणूस इतका चुकत होता आणि चुका जपून ठेवत होता. माझे चुकलेले अंदाज ज्या डब्यात जायचे, त्यात त्यांचेही होते, हे मला माहीतच नव्हतं.

तळाशी एका तिकिटावर माझं नाव दिसलं. बसमध्ये लिहिलेलं असावं, अक्षर हललेलं होतं. 'उद्या मॅडमला स्वतः सांगेल का? नाही.'

खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'चूक. एवढा आनंद अंदाज बरोबर येऊनही कधी झाला नाही.'