लाभ धरून त्रेचाळीस

सन दोन हजार तेवीस. मला बहात्तरावं चालू होतं, आणि तोवर मी अशा समजुतीत होतो की आख्ख्या मावळात माझ्याहून हट्टी माणूस अजून जन्माला यायचाय. तो माझ्यामागून दहा-बारा वर्षांनी कुसगावात जन्माला येऊन, एस.टी.त कंडक्टर होऊन, रिटायर होऊन, वर माझ्या धाकट्या पोराची सासू होऊन बसलाय, हे कबूल करायला मला एवढं आयुष्य घालवावं लागलं.

विहीणबाईंचे मालक ड्रायव्हर होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी ह्या लागल्या आणि वीस वर्षं गळ्यात पिशवी अडकवून पवनेच्या बाजूनं हिंडल्या. वीस वर्षांत त्यांचा हिशोब एकदाही कमी भरला नाही की जास्त भरला नाही, आणि ही गोष्ट त्या सांगत नाहीत, समोरच्याला आपोआप कळते. लग्नात मी तीनशे माणूस आणतो म्हणून शब्द दिला होता. मुलीची आई म्हणजे लग्नात डोळ्याला पदर लावून बसायची, पण ह्या पंगतीतून मोजत फिरल्या आणि सगळ्या सोयऱ्यांदेखत माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "पाव्हणं, तीनशे अकरा." मी म्हणालो, "पोरंटोरं असतील त्यात." तर म्हणतात, "पाच वर्षांच्या आतली धरलीच न्हाईत. त्यावरची दोनाला एक धरल्यात." मी त्या दिवशी ठरवलं की ह्या बाईपाशी आपलं जमायचं नाही, आणि माझं ठरलं की ठरलं. त्या आमच्या घरी आल्या तरी दारातच "मधी गर्दी करू नका, मागं जागा हाये" असं म्हणून माझ्याच ओसरीवर मलाच मागं सरकवायच्या. जीपमध्ये बसल्या तर पत्र्यावर दोनदा टकटक केल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही. तो आमच्या गावातला, त्यांचा काही नोकर नव्हे, पण त्यालाही सवय लागली होती. एकदा त्यांना ठसका लागून टकटक करायची राहिली, तर सगळी जीप पाच मिनिटं तशीच उभी.

रिटायर झाल्यावर लेकीजवळ राहावं म्हणून त्यांनी आमच्या गावात दीड गुंठा घेतला. येताना सोबत एक काळी कुत्री आणली. लोणावळ्याच्या स्टँडवर ती ह्यांच्या गाडीखाली सावलीला बसायची, तिचं नाव डेपो. एवढ्यावर राहतं तर आम्ही कोण बोलणारे. पण तुंगार्लीकडं बंगलेवाले बंगला विकून जातात आणि कुत्रं धरणावर सोडून देतात. बिस्किटावर वाढलेलं कुत्रं, त्याला भाकरीचा तुकडा कुठं मिळतो ते ठाऊक नसतं. असं एकेक विहीणबाईंच्या मागं यायला लागलं. नाव ठेवायचं तर जिथं सापडलं तो थांबा. एक कामशेत फाटा, एक पवनानगर, तुंगार्ली तर चार होती, त्यांतल्या पळत सुटलेल्याला तुंगार्ली विनाथांबा म्हणायच्या. सकाळी त्या अंगणात उभ्या राहून हाका मारायला लागल्या की वाटेनं जाणाऱ्या नव्या माणसाला वाटावं, आत्ता गाडी लागणार. त्यातच पॉइंटावर माणसं फिरवून फिरवून पाय गेलेला एक घोडा आला. दीड गुंठ्यात घोडा मावेना, तेव्हा पंचायतीनं आपला जुना कोंडवाडा त्यांना वापरायला दिला. पूर्वी तिथं उभ्या पिकात शिरलेली जनावरं कोंडायचे आणि दंड भरून सोडवून आणायची. माझी म्हैस त्यात तीनदा बसून आलीय.

त्या कोंडवाड्याच्या दाराशी त्यांनी पाटी टांगली. आत येणाऱ्यानं आधी खिशात काय काय आहे ते बोलायचं आणि त्या ते पाटीवर लिहिणार. फरसाण, पाव, तंबाखू, सगळं. म्हणे, लोक चोरून चारतात आणि जनावरं हगवणीनं मरतात. पण पाटीवर पहिली ओळ रोज त्यांची स्वतःची असायची, आज माझ्या कनवटीला अमुक रुपये. एस.टी.त कामावर चढताना आपले खासगी पैसे लिहून द्यावे लागतात, म्हणजे तिकिटाचे आणि घरचे मिसळत नाहीत. मी एकदा म्हणालो, "हितं कोण चेकिंगला येतंय तुमच्या?" तर म्हणाल्या, "येत न्हाई म्हणून तर लिहायचं, पाव्हणं."

आता माझ्याकडून काय झालं ते सांगतो. दोन हजार बावीसच्या एक मेच्या ग्रामसभेत पंचायतीनं कोंडवाड्यातल्या जनावरांच्या खाण्याला आणि लशीला वर्षाची रक्कम द्यायचा विषय घेतला. दर जनावरामागं ठरलेली रक्कम. मी उभा राहिलो. खरं म्हणजे लग्नातले अकरा माझ्या पोटात अजून होते. मी म्हणालो, "गावचा पैसा हाय. कुत्री किती हाईत ते बाई सांगणार, आन् आमी माना हलवायच्या व्हय? मोजणार कोण?" सरपंच म्हणजे आमच्या आळीतलीच एक सून, पदवीधर पोरगी. ती काही बोलायच्या आत विहीणबाई उठल्या. मला वाटलं, आता भांडण. तर त्या म्हणाल्या, "पाव्हण्यांचं बरोबर हाये. कंडक्टरवर चेकर पायजेच. आन् तो पाव्हण्यांनाच करा, गावात एवढं कडू माणूस दुसरं मिळायचं न्हाई." सभेनं टाळ्या वाजवल्या. मला नाही म्हणता येईना, कारण मागणी माझीच. असा मी सरकारी माणूस झालो.

दर सोमवारी जायचं, जनावरं मोजायची, वहीत आकडा लिहायचा, खाली सही, आणि वही पंचायतीत. मी शाळा दुसरीत सोडली. अक्षरं माझ्याकडं सावकाश येतात, पण आकड्याला मी कुणाला हार जात नाही. चाळीस वर्षं खळ्यावर भात मोजलाय. मी वही उघडली की विहीणबाई पाठ करून उभ्या राहायच्या. "चेकरच्या वहीत कंडक्टरनं डोकवायचं न्हाई." मी एकदा मुद्दाम वही त्यांच्या ओट्यावर उघडी ठेवून पाणी प्यायला गेलो. परत आलो तर वहीवर सूप पालथं घातलेलं. त्यांच्या रजिस्टरला मी हात लावायचा नाही आणि माझ्या वहीला त्यांनी, असं आमचं वर्षभर चाललं. पंचायतीतही दोन्ही वह्या कपाटात शेजारी शेजारी पडून राहिल्या, एकत्र कुणी उघडल्या नाहीत. मधल्या काळात विनाथांबा माझ्या धोतराच्या सोग्याला धरून मला वेशीपर्यंत सोडायला यायला लागला. घोडा माझा आवाज ओळखायला लागला. मी सोमवारची वाट बघतो असं आमची सूनबाई शेजारणीपाशी म्हणाली, ते साफ खोटं होतं. सोमवार आपोआप येतो, वाट कशाला बघायची.

मग आली तेवीसची एक मेची ग्रामसभा. विषय, कोंडवाड्याची रक्कम पुढं चालू ठेवायची का. ग्रामसेवक नवे आलेले, बाहेरगावचे. त्यांनी दोन्ही वह्या टेबलावर मांडल्या आणि वाचलं, "बाईंच्या रजिस्टरला त्रेचाळीस. आबांच्या वहीत बेचाळीस." मग मागची पानं उलटली. तिथंही एक कमी, त्याच्या मागंही एक कमी, पार पहिल्या सोमवारपर्यंत. वर्षभर दर आठवड्याला बाईंचं एक जनावर जास्त.

खोटं कशाला सांगू, मला आधी बरं वाटलं. मी मिशीवरून हातसुद्धा फिरवला. तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "मंग त्या एकाचं खाणं वर्षभर कुणाच्या पोटात गेलं?" दोघं-तिघं हसले. विहीणबाई उठल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या. तो पुसून होईचना. बायकांच्या बाजूनं आमची सूनबाई, म्हणजे त्यांची लेक, माझ्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यापुढं मिशीवरचा हात खाली आला. वीस वर्षांचा त्यांचा हिशोब माझ्या एका वहीनं पुसला जात होता. पण माझा आकडा चुकतो असं मी म्हणणार कसा? मोजलं होतं मी. बोटानं, बारकाईनं, एक सोमवार न चुकवता.

सरपंच म्हणाली, "आबा, वाद कशाला? चला, आत्ताच जाऊन मोजू." सगळी ग्रामसभा उठून कोंडवाड्यावर निघाली. दाराशी विहीणबाईंनी पाटी घेतली. त्याही घटकेला. सरपंचासकट प्रत्येकानं खिसे उलटे केले तेव्हा कुठं दार उघडलं. ज्यानं पोटाचा विषय काढला होता त्याच्या खिशात अर्धा वडा निघाला, तोही त्यांनी पाटीवर चढवला. मग घोड्यासकट सगळी जनावरं भिंतीला लावली आणि गावानं मोजायला सुरुवात केली. ग्रामसेवकांनी मोजली, त्रेचाळीस. सरपंचानं मोजली, त्रेचाळीस. मी मोजली, बेचाळीस. माझ्या वयाचे चौघं पुढं झाले, त्यांनी वेगवेगळी मोजली, चौघांचीही बेचाळीस. तरणी पोरं मोजतायत, त्यांची त्रेचाळीस. आता गावात दोन तट पडले. आमच्यातला एकजण म्हणाला, "आजकालच्या शाळेत मोजायला शिकवत्यात कुटं." पोरं म्हणाली, "तात्या, चष्म्याचा नंबर बघा." कुत्र्यांना वाटलं काहीतरी सणवार आहे, त्यांनी शेपट्यांचा नुसता धुरळा उडवला.

सरपंच म्हणाली, "आबा, तुम्ही मोठ्यानं मोजा. सगळे ऐकतील." मी दारापासून सुरुवात केली. डेपो म्हातारी झाली होती, ती कायम दाराशीच पडलेली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "लाभ." मग पुढच्याला, "एक." त्याच्या पुढच्याला, "दोन." असा सातापर्यंत गेलो असेन.

"पाव्हणं," विहीणबाई म्हणाल्या. सकाळपासून माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. "डेपो कशात धरली?"

"ती लाभ," मी म्हणालो.

"म्हंजी?"

म्हणजे काय, हे ह्या बाईला सांगायचं? आमच्याकडं खळ्यावर भात मोजताना पहिली पायली 'लाभ' म्हणून देवाच्या नावानं बाजूला काढायची, मग एकापासून मोजायला लागायचं. माझ्या बापानं असंच मोजलं, आज्यानं असंच मोजलं. पायली पुढं आली की तोंडातून लाभच निघतो, एक निघतच नाही. कुत्रं पुढं आलं तरी तेच निघत होतं, आणि हे मला त्या दिवशी, आख्ख्या गावासमोर, आठव्या कुत्र्यावर हात ठेवून उभा असताना कळलं. बाकीच्या चार म्हाताऱ्यांकडं बघितलं. चौघंही जमिनीकडं बघत होते.

ग्रामसेवकांना कुणीतरी समजावून सांगितलं. मग जे हसणं उठलं ते खाली शाळेपर्यंत गेलं असेल. मी बहात्तर वर्षांत चुकलो असा शब्द उच्चारला नव्हता. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही, हद्दीच्या भांडणात तर नाहीच. तो शब्द कसा बाहेर काढायचा तेही मला उमजेना. हसणं थांबेपर्यंत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चुकी माजी हाय. बाईंचं रजिस्टर बरोबर हाय. लिवून घ्या." अर्धा वडावाला म्हणाला, "आबा, एवढ्यात झालं? आमाला वाटलं भाषण करताय." मी म्हणालो, "तू तुजा वडा सांभाळ."

रक्कम एकमतानं चालू राहिली. विहीणबाईंनी मला टोचून काही बोलायला हवं होतं, मी त्याची तयारी ठेवली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "लाभ हाये ती, ते खोटं न्हाई. पन खाती इतरांएवढंच." डेपो पुढच्या थंडीत गेली. आता दाराशी पवनानगर पडलेलं असतं. विहीणबाईंचे गुडघे गेलेत, त्या खुर्चीत बसून थांबे पुकारतात आणि आवाज पूर्वीइतका लांब जात नाही, तरी जनावरं येतात. मी अजून चेकर आहे. पहिल्या जनावराला एक म्हणायला जीभ अजूनही जरा अडखळते.

त्या ग्रामसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंचायतीतून मागून आणलेली माझी वही काखेत मारून कोंडवाड्यावर गेलो. विहीणबाईंनी चुलीवर चहा ठेवला होता. वही दिसताच त्यांनी पाठ केली.

"बघू नका," मी म्हणालो. "खोडायचं कसं तेवढं सांगा."

"खोडायचं न्हाई," त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या. "जुन्या आकड्यावर एक आडवी रेघ, तो वाचता आला पायजे. शेजारी खरा आकडा. खाली सही."

"दर पानाला?"

"दर पानाला."

बावन्न पानं होती. माझी सही मला एका दमात येत नाही, मध्ये थांबावं लागतं. पायरीवर बसून मी पहिल्या सोमवारपासून सुरुवात केली. त्यांनी चहा आणून शेजारी ठेवला, तो गार झाला. ऊन पत्र्यावर चढलं. त्या पाठमोऱ्याच भांडी घासत होत्या, घासलेली परत घासत होत्या.

"झालं का?"

"झालं."

मग त्या वळल्या, माझ्यापुढचा गार चहा उचलला आणि परत चुलीवर ठेवला.