आमच्या ओटीवरची सिलेक्ट कमिटी

आमटी अळणी झाली तर आमचे मामंजी "मीठ वाढा" असे कधीच म्हणाले नाहीत. हातातला घास गिळून, पाटावर ताठ बसून ते म्हणत, "आमटीत एक दुरुस्ती सुचवतो." सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणत, "मंजूर." मग मी मीठ वाढी. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. कसली थट्टा! ठाण्याच्या कोर्टात तीस वर्षे शिरस्तेदारी करून मामंजी पेन्शनीत निघाले, बिऱ्हाड कल्याणला आणले, पण कोर्ट काही अंगातून गेले नाही. मांजराने दूध सांडले तरी आधी जबान्या व्हायच्या, आणि तोवर मांजर उरलेले दूध पिऊन पसार.

गावात त्यांना तोंडावर रावसाहेब म्हणत आणि पाठीमागे 'सिलेक्ट कमिटी'. ते नाव कसे पडले ते सांगते. कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात रेल्वेच्या नव्या कायद्याचे बिल आले होते. कौन्सिलाने ते छाननीसाठी आपल्या सिलेक्ट कमिटीकडे दिले आणि गावोगावच्या शहाण्यासुरत्या माणसांची मते मागवली. मामलेदारांनी एक प्रत मामंजींकडे धाडली. बिचाऱ्याला काय ठाऊक, आपण कोणाच्या हातात कोलीत देतो आहोत ते! मामंजी त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनी जाहीर केले, "ज्या कल्याणात रेल्वेला दोन फाटे फुटतात, एक पुण्याला आणि एक नाशकाला, त्या कल्याणाला स्वतःची सिलेक्ट कमिटी नको?"

झाले. आमच्या ओटीवर रोज दिवेलागणीच्या आधी कमिटी बसू लागली. मामंजी अध्यक्ष. सभासद तीन: पाठशाळेचे शास्त्रीबुवा, समोरचे वैद्य, आणि भाताचे व्यापारी शेटजी. इंग्रजी फक्त मामंजींना येई. ते एक कलम वाचून त्याचे मराठी करीत, मग विचारीत, "दुरुस्ती असेल त्याने बोलावे." एकाचीही हरकत राहिली तर कलम पुढे जायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. मी दाराआड बसून सुपाऱ्या कातरी आणि ऐके. माझे वडील ठाण्याला शाळामास्तर होते, त्यामुळे मला लिहितावाचता येई आणि त्याहून वाईट म्हणजे हसू लवकर येई.

पहिले कलम कायद्याच्या नावाचे. ते दोन दिवसांत सुटले. दुसरेही कसेबसे निघाले. तिसऱ्यात व्याख्या आल्या, आणि गाडी तिथे जी रुतली ती रुतलीच. 'रेल्वे म्हणजे काय?' शास्त्रीबुवांनी मांडी बदलली, उपरणे झटकले आणि विचारले, "गाडी निघून गेल्यावर मागे नुसते रूळ उरतात. ती रेल्वे की नव्हे?" वैद्य म्हणाले, "रोगी गेल्यावर खाट उरते, तिला कोणी रोगी म्हणतं का?" यावर चार दिवस गेले. शेटजींना बापड्यांना एवढेच हवे होते की स्टेशनवर त्यांची पोती पावसात भिजू नयेत. ते रोज विचारीत, "अहो, पोत्यांचं कलम कधी येणार?" मामंजी म्हणत, "शेटजी, आधी रेल्वे सिद्ध होऊ द्या. रेल्वेच नसेल तर पोती ठेवणार कुठे?"

मी हसत होते खरी, पण घरात एक गोष्ट होती की जिच्यावर हसू येत नव्हते. माझी नणंद ठकूवन्सं जळगावाला दिलेल्या. पहिल्या बाळंतपणानंतर त्यांनी जे अंथरूण धरले ते धरलेच. त्यांना प्रवास होण्यासारखा नव्हता. दर पत्रात एकच ओळ असे, "आईला एकदा पाठवा. बाळ आता बसायला लागला." पुढच्या पत्रात, "बाळ आता उभा राहतो." आणि सासूबाई काही जात नव्हत्या. मामंजी पत्र घडी घालून फडताळात ठेवीत आणि मला सांगत, "ती इंजिनाला भिते गं. अडाणी बाई. काय करणार!"

इंजिनाला! माझ्या सासूबाई म्हणजे अंगणात निघालेला नाग काठीने पलीकडच्या कुंपणात घालवून परत पोळ्या लाटायला बसणारी बाई. खरे कारण त्यांनी मला एकटीला सांगितले होते. वन्संना सासरी पोचवायला गेल्या, तेव्हाची गोष्ट. बायकांच्या डब्यात नुसती बाके. देहधर्माची सोय म्हणून काही नाही. सासूबाईंनी आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, तरी वय झालेले, इगतपुरीला धीर धरवेना. खाली उतरल्या, आडोसा शोधीत लांब गेल्या, आणि गाडीने शिट्टी दिली. धावत आल्या तेव्हा गाडी हलली होती. कोणा परक्या गार्डाने दंडाला धरून त्यांना वर ओढले. डोक्यावरचा पदर खाली, हातातला तांब्या रुळावर, आणि सगळे स्टेशन हसत होते. शेजारच्या पुरुषांच्या डब्यात मामंजी झोपले होते. हे सांगताना सासूबाईंचा आवाज हलला नाही, पण पुढे त्या म्हणाल्या, "त्यांना सांगू नकोस हो. त्यांना लाज वाटेल."

मग माघात वन्संचे पत्र आले ते दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात. सासूबाईंनी गाठोडे बांधले, दोन दिवस उपास काढला, स्टेशनपर्यंत गेल्या. घंटा झाली तशा थरथर कापू लागल्या आणि माघारी फिरल्या. घरी येऊन देवापुढे बसल्या. मामंजी ओटीवरून म्हणाले, "म्हटलं नव्हतं? इंजिन!"

त्या दिवसापासून माझे डोके ठिकाणावर नव्हते. चैत्र लागला. कौन्सिलाची मुदत महिनाअखेर संपत होती आणि कमिटी अजून तिसऱ्या कलमावर बसली होती. एका संध्याकाळी रेल्वेच्या व्याख्येत स्टेशनबाहेरचा टांग्यांचा अड्डा धरावा की नाही, यावर वैद्य आणि शास्त्रीबुवा एकमेकांचे पूर्वज काढू लागले. मामंजींनी टाळी वाजवून नेहमीसारखे विचारले, "दुरुस्ती असेल त्याने बोलावे."

आणि दाराआडून मी म्हणाले, "मामंजी, दुरुस्ती आहे."

शेटजींच्या हातातला विडा खाली पडला. शास्त्रीबुवांनी कानांवर हात ठेवले. पुरुषांच्या बैठकीत सून बोलली! पण जीभ एकदा सुटली की ती काही आमच्या घराण्यात आवरली जात नाही. मामंजी दाराकडे वळून म्हणाले, "दुरुस्ती कोणीही मांडू शकतो असा कमिटीचा दंडक आहे. बोल, सूनबाई."

"सासूबाई इंजिनाला भीत नाहीत," मी म्हणाले. "दीड दिवस पाणी न पिता बसायला भितात. बायकांच्या डब्यात मोरी नाही. ते कलम या बिलात कुठे आहे, ते आधी बघा. रूळ कुठे जायचे नाहीत."

मामंजी उठले आणि तडक स्वयंपाकघरात गेले. आत काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही, आणि खरे सांगते, मी कान दिला होता. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. व्याख्यांवरचे कागद त्यांनी फडक्यात बांधले, गाठ मारली आणि म्हणाले, "कमिटी बरखास्त. मी शेजारच्या डब्यात झोपलो होतो." सभासदांना काही कळले नाही. मला कळले, आणि त्या माणसाचा मला पहिल्यांदा मनापासून लोभ वाटला.

पण शिरस्तेदार तो शिरस्तेदारच! अर्ज आता त्यांनी लिहावा की नाही? नाही. म्हणाले, "मी लिहिला तर तो ऐकीव पुरावा होईल. कोर्टात टिकायचा नाही. ज्यांनी सोसलं त्यांनीच अर्ज करायचा." शुक्रवारी आमच्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते, आळीतल्या साऱ्या बायका येणार होत्या. मी अर्ज साध्या मराठीत चार ओळींत लिहिला: दूरच्या प्रत्येक गाडीत बायकांना वेगळा डबा असावा आणि त्याला मोरी असावी. खाली प्रत्येकीचा अंगठा, शाईऐवजी कुंकवाचा.

पन्हे झाले, कैरीची डाळ झाली, मी कागद पुढे केला आणि तिथेच अडले. अंगठ्याशेजारी नाव हवे, 'अमक्याची बायको' असे हवे. आता नवऱ्याचे नाव कोण उच्चारणार? बसल्या साऱ्या माना खाली घालून. शेवटी वैद्यांची बायको म्हणाली, "अगं, उखाण्यात घेते ना!" आणि सुरू झाले:

"कैरीच्या डाळीवर मोहरीची फोडणी, गोविंदरावांचं नाव घेते, डब्याला हवी मोरीची जोडणी."

मग काय विचारता! एकीवर एक चढाओढ लागली. "इगतपुरीला बदलती इंजिन, कल्याणला भरती पाणी, सदाशिवरावांचं नाव घेते, साहेब, ऐका गाऱ्हाणी." हसून हसून पोटे दुखली. मीही गाढवी, त्या भरात नाव तेवढे न लिहिता आख्खे उखाणे लिहीत गेले. दाराशी भाजी घेऊन आलेली ठाकुर्लीची काशी आगरीण हे बघत उभी होती. ती म्हणाली, "बाये, माजा पन आंगठा घे. मी ठान्याला भाजी नेते, मना काय पोट नाय?" तिचाही घेतला.

सासूबाईंची पाळी आली. त्यांनी मात्र उखाण्यातही नाव घेतले नाही. नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य कमी होते अशी त्यांची ठाम समजूत. साऱ्यांनी आग्रह केला, पण छे! अंगठा उठवून म्हणाल्या, "लिही, ठकूची आई."

सकाळी मामंजींनी कागद वाचला आणि मला घाम फुटला. म्हटले, "मामंजी, पुन्हा नीट लिहून काढते." तर म्हणाले, "खबरदार! अंगठे उठलेला मूळ दस्तऐवज आहे. एका अक्षराचीही खाडाखोड चालायची नाही." आणि तो कागद, उखाण्यांसकट, मोहोर लावून सरकारात गेला. कोणा भाषांतरकाराने कैरीच्या डाळीचे इंग्रजी कसे केले असेल, ते त्या गौरीलाच ठाऊक.

पुढच्या वर्षी कायदा झाला. त्यात ते कलम आले: बायकांसाठी राखीव डबा, आणि गाडी पन्नास मैलांच्या पुढे जाणारी असेल तर त्याला सोय. आमच्या अर्जाने झाले असे मी म्हणणार नाही. देशभरातून ढीगभर अर्ज गेले असतील. मामंजी मात्र महिनाभर कल्याणात छाती काढून हिंडले. काशीला कलम सांगितले तर ती म्हणाली, "पन्नास मैल? म्हंजे ठान्यापरत आमी तोंड दाबून बसाचा?" मामंजींनी ते टिपून घेतले आणि मरेपर्यंत दर वर्षी 'काशीची दुरुस्ती' म्हणून एक अर्ज कंपनीकडे धाडला. उत्तर कधी आले नाही. मामंजी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. शेवटच्या दुखण्यात वैद्यांनी काढा दिला, तेव्हाही ते म्हणाले, "यात मधाची एक दुरुस्ती..." पण मला ते आठवतात ते त्या आजारपणातले नव्हे. स्टेशनवरचे आठवतात.

कायदा झाला तरी डबे यायला आणखी वर्ष गेले. मामंजी रोज स्टेशनवर जाऊन नाशकाची गाडी बघून येत. एका दुपारी धापा टाकीत आले. "आला! डबा आला!" दुसऱ्या दिवशी आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो. मुलगा तिकडे धावायला-बोलायला लागला होता, वन्सं अजून अंथरुणावरच होत्या. सासूबाई डब्यात चढल्या, खिडकीशी बसल्या. आणि मामंजी, कोणाला काही कळायच्या आत, त्यांच्यामागून आत शिरले! सोयीची तपासणी करायला. कडी लावून पाहिली, काढून पाहिली, पाणी आहे का पाहिले. आतल्या बायकांनी हा कल्ला केला. शिपाई धावत आला आणि त्याने मामंजींना खाली उतरवले. राखीव डब्यात पुरुष शिरला तर दंड, असेही कलम त्याच कायद्यात होते. आमची कमिटी तिसऱ्या कलमापुढे गेलीच नव्हती, त्याला कोण काय करणार!

"नाव सांगा," शिपाई म्हणाला. तीस वर्षे कोर्टात आरोपींची नावे लिहून घेणारा माणूस, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. भोवती माणसे जमली, कोणी फिदीफिदी हसले. शिपाई दरडावून म्हणाला, "नाव सांगा, नाहीतर चौकीवर चला." मी पुढे होणार, पण मी सून; मी काय नाव सांगणार? घंटा झाली.

तेवढ्यात सासूबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. डोक्यावरचा पदर नीट केला. आणि साऱ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मामंजींचे नाव घेतले. त्यांचे, त्यांच्या वडिलांचे, आडनावासकट. उखाणा नाही, आडपडदा नाही. "माझे यजमान आहेत," त्या म्हणाल्या. "आत आले ते माझ्यासाठी आले. लिहून घ्या." ते नाव मी इथे लिहीत नाही, मी अजून सूनच आहे.

शिपायाने लिहून घेतले. गाडी हलली. सासूबाई रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि त्यांच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या होता. गाडी वळणाआड जाईपर्यंत मामंजी हात वर करून उभे राहिले. शिपायाने आपला कागद पुढे धरला आणि विचारले, "नाव बरोबर लिहिलंय ना? बघून घ्या."

मामंजींनी चष्मा लावून ते नाव दोनदा वाचले, उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "दुरुस्ती नाही."