उजैरचे हात

मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यावरच्या जिममध्ये मजीदचा मुलगा उजैर ट्रेनर होता. मजीद आणि मी चिकलठाण्याच्या एकाच कारखान्यात गाड्या भरायचो, त्यामुळं पोरगं माझ्या डोळ्यांसमोर मोठं झालं. व्यायाम शिकवणारे बरेच जण आरशात स्वतःकडं बघत शिकवतात. उजैर शिकणाऱ्याच्या पाठीकडं बघायचा. पाठ वाकली की वजन खाली ठेवायला लावायचा. उगाच कण्हणाऱ्याला म्हणायचा, "आवाज कमी कर, काम जास्त कर." मला हे पटायचं.

त्याला ऑस्ट्रेलियात जायचं होतं. फिरायला नाही, कायमचं. पर्थ शहरातल्या एका व्यायामशाळेत जागा होती आणि तिथं येणारे बहुतेक म्हातारे. परीक्षा त्यानं पास केली होती, इंग्रजीही घोटून घोटून सुधारलं होतं. एक टप्पा राहिला होता. एखाद्या वयस्कर माणसाकडून व्यायाम करून घ्यायचा आणि तिथल्या मुख्य बाईंनी तो फोनवर बघायचा. त्या हो म्हणाल्या तर नोकरी, नोकरी असली तर व्हिसा.

वयस्कर माणूस म्हणून त्यानं शेजारच्या साळूबाईंना तयार केलं. साळूबाई भाजीचा गाडा लावतात. गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र सुसाट.

"मला काय पळायला लावतो का?"

"नाय मावशी. खुर्चीवरून उठायचं, बसायचं. हातात थोडं वजन."

"उठबस व्हय? ती मी रोजच करते. तिकडचे लोक बघत नाय एवढंच."

ठरल्या दिवशी मजीद आणि मी जिमच्या कोपऱ्यात बसलो, गप्प राहण्याच्या अटीवर. सुरुवात चांगली झाली. मग साळूबाई वजन छातीशी धरून उठायला लागल्या आणि अर्ध्यावर अडकल्या. पाय थरथरले. उजैर झटकन पुढं झाला. "राहू द्या मावशी," म्हणत त्यानं वजन काढून घेतलं, त्यांना हळूच बसवलं आणि त्यांच्या चपलाही सरळ करून ठेवल्या. काही चुकलं असं आम्हाला वाटलंच नाही. आमच्या गल्लीत म्हाताऱ्या बाईच्या हातात पिशवी दिसली की पोरं न विचारता घेतात. मजीद तर कौतुकानं माझ्याकडं बघत होता.

फोनवरच्या बाईंचा चेहरा मात्र उतरला. त्या काय बोलल्या ते उजैरनं नंतर सांगितलं. साळूबाईंना दुखत होतं का, असं बाईंनी विचारलं. नाही. पडणार होत्या का? नाही. मग वजन का घेतलंस?

"मी म्हणालो, त्या मोठ्या आहेत. तर म्हणाल्या, म्हणूनच त्या व्यायामाला आल्यात. त्यांचा व्यायाम तूच केलास. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघते. शेवटचं."

मजीद भडकला. "जिंदगीभर लोहा उठाया, दो हाथ नहीं रोक सका?"

"अब्बा, मावशी को धमकाऊं क्या?"

"धमकाने को कौन बोला? ठैर जा बोला."

बाईंचं म्हणणं मला पटलं. मेहनत ज्याची त्यानंच करायची. पण हे उजैरला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याला कळत होतं, त्याच्या हातांना कळत नव्हतं.

मग त्यानं घरात सराव सुरू केला. त्याची आई आबेदा पाण्याची कळशी उचलायला लागली की हा शेजारी उभा राहून नुसता बघायचा. पहिल्या दिवशी तिला वाटलं, पोराला बरं नाही. कारण कळल्यावर ती म्हणाली, "जाने के पहलेच परदेसी हो गया." हसत म्हणाली, पण कळशी जरा आपटूनच ठेवली.

दुसऱ्या वेळी, फोनवरच्या बाईंसमोर, साळूबाई तिथंच अडकल्या, त्याच अर्ध्यावर. उजैरचे हात पुढं गेले आणि मध्येच थांबले. त्यानं ते मागं घेतले नाहीत. पडल्याच तर धरता यावं म्हणून दोन्ही बाजूंना उघडे ठेवले, पण लावले नाहीत.

"घे की रे," साळूबाई म्हणाल्या.

"नाय घेणार मावशी. टाचा दाबा."

"दाबल्यात."

"अजून."

"मेल्या, तुझ्या आईला सांगते."

"सांगा. आधी उठा."

साळूबाई उठल्या. सरळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी उजैरला, जिमला आणि ऑस्ट्रेलियाला मिळून जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाईंनी विचारलं, काय म्हणतायत? उजैर म्हणाला, पुन्हा करायला तयार आहे म्हणतात. आणि त्यानं खरंच पुन्हा करून घेतलं.

बाईंनी होकार त्याच दिवशी कळवला. साळूबाई मात्र त्याच्याशी बोलेनात. मग एका सकाळी आपणच मजीदच्या दारात आल्या, खुर्ची मागितली आणि हात न टेकता बसल्या.

"जायच्या आधी रोज करून घे. तू गेल्यावर मला कोण दामटणार?"

व्हिसा येईपर्यंत त्यानं रोज करून घेतलं. जायच्या दिवशी सामान गाडीत चढलं होतं, आबेदा डोळे पुसत होती, मजीद उगाच टायरकडं बघत होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. उजैरनं त्याला हातानं थांबायची खूण केली. साळूबाई अर्ध्यावर होत्या.