नावेचा आकडा

माझ्या मोठ्या नणंदेला आयुष्यात कुठलीच शर्यत सरळ जिंकता आली नाही आणि सरळ हरताही आली नाही. लग्न होऊन नागपूरहून मी अमेरिकेत नेपरव्हिलला आले तेव्हा मला वाटलं होतं, डॉक्टर नणंद म्हणजे शांत, चष्मेवाली, रविवारी बुद्धवंदना करून पुस्तक वाचत बसणारी बाई असेल. पहिल्याच रविवारी ताईंनी माझ्या पंजाबी ड्रेसवर केशरी लाइफ जॅकेट चढवलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "वजन अगदी बरोबर आहे तुझं." माझ्या वजनाबद्दल इतक्या मायेने तोवर कुणीच बोललं नव्हतं. मला पोहता येत नाही, मी सांगून पाहिलं. "मग तू नाव सोडून जाणार नाहीस, चांगलंच आहे," असं म्हणून त्यांनी मला तळ्यातल्या शिडाच्या नावेत बसवलं आणि हातात एक दोरी दिली. मी इतकी हादरले होते, की ती दोरी कशाची हे विचारायचंही सुचलं नाही.

नाव म्हणजे कुणाच्या तरी गराज सेलमधून आणलेलं जुनं लाकडी धूड. हिरवा रंग उडालेला, वजन कपाटाएवढं. तळ्यावरच्या क्लबातल्या बाकीच्यांच्या नावा फायबरच्या, सडपातळ, वारा आला की सुटायच्या. अशा सगळ्या नावा एकाच शर्यतीत, म्हणून हँडिकॅप. प्रत्येक प्रकारच्या नावेला एक आकडा. लागलेल्या वेळाला त्या आकड्याने भागायचं, संथ नावेचा आकडा मोठा, आणि भागून ज्याचा वेळ सगळ्यात कमी येईल तो जिंकला. ऐकायला फार न्यायाचं वाटतं. पण बाकीचे हॉट डॉग खाऊन हात पुसत असताना आम्ही पोचायचो, आणि आपण जिंकलो की हरलो हे कॅल्क्युलेटर बडवल्याशिवाय कळायचं नाही. कधी पुढच्या नावा पोचल्या की वाराच पडायचा आणि आम्ही तळ्याच्या मधोमध. तिथे भागाकार काय करणार, कपाळ! ताई जिंकल्या की आकडा शास्त्रशुद्ध, हरल्या की आकडे ठरवणाऱ्या कमिटीला अक्कल नाही.

हे खूळ तळ्यावरच राहिलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. ताई घरातही हँडिकॅप लावायच्या. माझ्या कडक पोळ्या हातात घेऊन म्हणायच्या, "इलेक्ट्रिक शेगडीचा आकडा धरला तर पहिला नंबर." बर्फ उपसताना आमच्या ह्यांना शेजारच्या कॉलेजातल्या पोराबरोबर उभं करून वयाची सूट द्यायच्या. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी भाजीच्या दुकानात एका अनोळखी काकूंना त्यांनी सांगितलं, "तुमच्या गुडघ्यांच्या मानाने तुम्ही फार झपझप चालता." काकूंनी आधी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भेंडी निवडू लागले.

मग एका रविवारी आम्ही खरंच पहिले आलो. म्हणजे पोचलो शेवटी, पण भागाकारात पहिले. क्लबातल्या सगळ्यात वेगवान नावेचा मालक, एक दंतवैद्य, हसत ताईंना म्हणाला, "अभिनंदन. कागदावर का होईना!"

ताई शीड गुंडाळू लागल्या. जिंकूनही आकड्याचं कौतुक नाही, मला भीतीच वाटली. घरी येताना गाडी चालवत त्या म्हणाल्या, "मेडिकलला राखीव जागेवर गेले ना, तेव्हा वर्गात हेच ऐकायची. परीक्षेत कितीही मार्क पडू देत, 'तुझं काय, तुझं वेगळं आहे.' अगं, नाव कुठली मिळाली ते आपल्या हातात असतं का? चालवणं आपल्या हातात."

पुढच्या आठवड्यात त्यांनी दंतवैद्याला गाठलं आणि सांगितलं, "एक शर्यत तुझी नाव मी चालवते, माझी तू." तो खुशाल हो म्हणाला. ताईंनी नाव दिली ती माझ्यासकट! परक्या गोऱ्या पुरुषाबरोबर, पोहता न येणारी भावजय!

शिटी झाली आणि ताई त्याच्या नावेतून अशा सुटल्या, की आम्हाला त्यांची पाठसुद्धा धड दिसेना. दंतवैद्य घामाघूम. आधी शिडावर चिडला, मग वाऱ्यावर, मग माझ्यावर. सगळ्या नावा पुढे गेल्यावर जरा वेळाने त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आपण अजून हरलेलो नाही." त्यानंतर त्याने ते धूड जे हाकलं! प्रत्येक झुळूक हेरून, ओठ चावून, मला डावीउजवीकडे सरकवत. मीही जीव खाऊन दोरी ओढली. पोचलो शेवटीच.

कॅल्क्युलेटर बडवला गेला. ताई सगळ्यांच्या आधी पोचल्या होत्या, आणि जिंकला दंतवैद्य. मला वाटलं, झालं, आता ताई कमिटीला खाणार. तेवढ्यात त्याचा एक मित्र हसून म्हणाला, "कागदावर हं!" दंतवैद्य लालबुंद झाला. "कागदावर? ही नाव चालवून बघ एकदा! मी खरा जिंकलोय!"

ताई मोठ्याने हसल्या आणि हसता हसताच डोळे पुसू लागल्या. मला हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं हे माझं मीच मला सांगत होते गं. आज दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकलं."

आता ताईंचेच गुडघे गेलेत. नाव आमच्या गराजमध्ये उलटी पडून आहे, तिच्यावर बर्फाची फावडी ठेवलेली असतात. आम्ही फिरायला निघालो की त्या मागे राहतात आणि आम्ही बाकावर बसून त्यांची वाट बघतो. पोचल्या की धापा टाकत माझं मनगट ओढून घड्याळ बघतात, मनाशी काहीतरी भागाकार करतात आणि समाधानाने मान हलवतात. उत्तर काय आलं, मी विचारत नाही. त्यांना बसायला जागा करून देते.